फेरसामना

माझी चिटणीस म्हणून शेवटची सही
एका सूचनेखाली आहे :
‘अंधारामुळे थांबवलेला अंतिम सामना
पुढील रविवारी, दुपारी तीन, त्याच मैदानावर.’
सतरा फेब्रुवारी, एक्याण्णव.

आठ संघ होते आमच्या लीगमध्ये,
आठही पूर्ण भरलेत असा शनिवार आठवत नाही.
नाशिकरोडचे प्रेसवाले दिवसभर नोटा मोजून,
सुटताना दारात झडती देऊन
धावत यायचे, अर्धा तास उशिरा,
आणि प्रवेश फी, रुपये पंधरा,
पुढच्या पगाराला.
त्यांच्या खिशात काही नाही
याची सरकारनेच खात्री केलेली असायची.

मालेगावचे रात्रपाळीचे यंत्रमागवाले,
मागांच्या खडखडाटाने कान गेलेले.
शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही,
म्हणून गांगुर्डे मास्तर त्यांच्या मॅचला
शिट्टीबरोबर लाल रुमाल हलवायचे.
ताहेर मोमीन तर पाठमोराच असायचा,
मास्तर रुमाल घेऊन त्याच्या मागे पळत.

शरणपूरचे उपासना आटोपून यायचे.
ईनॉक आणि सायलस भिंगारदिवे,
बुटांची जोडी एक,
मध्यंतराला बदलायची.

इगतपुरीत, लोकोशेडमागच्या मैदानात,
रेमंड डिक्रूझने धुक्यात मारलेला गोल
रेमंडशिवाय कोणी पाहिला नाही.
मास्तर आत गेले, जाळी चाचपली,
चेंडू ओला लागला हाताला,
बाहेर येऊन म्हणाले, आहे.

रेषा मी आखायचो.
चुना संपला तेव्हा भगूरच्या गिरणीतून
पोतंभर कोंडा आणला.
मध्यंतरापर्यंत पेनल्टी बॉक्स
शेळ्यांनी खाऊन टाकला.
त्या मॅचचा निकाल वहीत आहे,
पण त्याच्यापुढे मी कंसात काहीही लिहिलेलं नाही.

अंतिम सामना : मनमाड आणि प्रेस.
मनमाडची पॅसेंजर दोन तास लेट.
साडेपाचला सुरुवात, एक-एक,
मग जादा वेळ,
मग बायका मुलांना हाका मारायला लागल्या
आणि रेषाही दिसेनात.
लहानू शेजवळने शेवटचा फटका मारला.
बारवर आदळल्याचा आवाज आला.
चेंडू कुठल्या बाजूला पडला
यावर चाळीस माणसं भांडली,
काड्या पेटवून शोधलं.
मास्तरांनी रुमाल खिशात घातला.

बुधवारी कचेरीतून पत्र.
सिंहस्थ आहे, मैदान शेडसाठी लागेल,
एका वर्षापुरतं.
बांबू आले, पत्रे आले,
साधू आले, पोलीस आले, गेले.
चर खणलेले तसेच राहिले.
गोलचे खांब कुणी नेले कळलं नाही.
एक मला सातपूरला दिसला, टाकीखाली,
रंग आमचाच,
मी मालकाला काही बोललो नाही.

लोक म्हणतात कुंभाने लीग खाल्ली.
मीही इतकी वर्षं तसंच सांगतो.
पण मैदान परत मागायचा अर्ज
मी टाइप केला होता, कार्बन घालून,
दोन्ही प्रती माझ्याकडेच आहेत.
त्या वर्षी थोरलीचं लग्न होतं.
नंतर नव्हतं,
तरी मी गेलो नाही.
खरं सांगतो, दर शनिवारी
आठ ठिकाणी निरोप धाडायचा
मला कंटाळा आला होता.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात,
माझा नंबर तेवीस.
बाकावर शेजारी लहानू शेजवळ,
रेल्वेतून कधीच निवृत्त,
डोळ्यांत थेंब घालून बसवलेला.
मी कंपाउंडरला पत्ता सांगत होतो
तेव्हा आवाजावरून त्याने ओळखलं.
मान न वळवता म्हणाला,
‘चिटणीस, आत होता.’

मग जरा थांबून,
‘कोणता रविवार म्हणाला होतात?’

मी तोंड उघडणार
तेवढ्यात आतून एकोणीस नंबर पुकारला.
तो उठला,
भिंतीला हात लावत
बरोबर दारातून आत गेला.