भिंग

तिबिलिसी. तळघर. सकाळचे आठ.
लामारा मेणाची वडी पात्यासमोर बसवते.
वडीत डोळा, क्रमांक एकेचाळीस.
कुणाचा, ते वरच्या मजल्यावरच्या वहीत.

चाक फिरतं. केसाहून पातळ फीत
कोमट पाण्यावर उलगडते.
मग रंग: आधी निळा, मागून गुलाबी.

नवी पोरगी, एलिसो, सूक्ष्मदर्शकावर ओणवते.
"समोरचं हे?"
पारपटल. अभिस्तराचे पाच-सहा थर.
"रक्त कुठाय?"
नाही इथे. रक्त आलं असतं
तर उजेड दारातच अडला असता.

पांढरं कवच म्हणजे नुसते धागे,
संयोजी ऊती, लोकरी मोज्यासारखी घट्ट.
बाहुलीभोवती स्नायूचं कडं,
नखावरच्या चंद्राएवढंही नाही.
आणि मागे चेतापेशींच्या रांगा.
"हा मेंदूच," लामारा म्हणते,
"जरा पुढे येऊन खिडकीत बसलेला."

"मधली ही फट?"
"त्याची नाही ती, आपली.
औषधात मुरताना पडदा सुटतो."

आणि भिंगाच्या जागी तडे.
तीस वर्षांत एकही धड कापलं गेलं नाही तिच्याकडून.
पात्याखाली आलं की भुगा.

मंगळवारी तिची पाळी. उजवा डोळा.
डॉक्टर म्हणाले, फोडू आणि ओढून घेऊ,
दहा मिनिटांचं काम.
फोडू म्हटल्यावर ती हसत सुटली,
डॉक्टरांना कळेना काय झालं.

एलिसो दिवा मालवते.
लामारा पात्यावरचा भुगा कुंचल्याने गोळा करते.
एरवी टाकून देते.
आज पुडी बांधते,
वर लिहिते: एकेचाळीस.