बद्द वाजणारा रुपया

छोट्या सराफ्यात, पोरवालांच्या पेढीच्या मागच्या खोलीत
गुरुवारी चार ते सात मी बसते.
कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना
भंगारात निघालेला तराजू मी विकत घेतला,
काचेच्या पेटीतला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.
लोक नाणी आणतात. मी इतकंच सांगते:
आहे, किंवा नाही.

आज दीपेश पिसे आला, परदेशीपुऱ्याहून.
काडेपेटीत कापूस, कापसावर रुपया.
"बाई, जरा देख लो," म्हणाला, मग मराठीत आला.

होळकरी, सूर्याच्या तोंडाचा.
तोंड म्हणायचं ते सवयीनं.
नाक गेलेलं, ओठ गेलेले,
एकच डोळा उरलाय, तोही खाचेत आहे म्हणून.
कडेपासून आत एक चीर.

फरशीवर टाकला. बद्द.
पोरवालांचा मुनीम दारातूनच म्हणाला, खोटा!
खणखणीत तेच खरं, असं आपण माणसांबद्दलही बोलतो.
चिरलेली चांदी वाजत नाही,
म्हणून काय ती चांदी नाही?

पाण्यात बुडवून तोलला.
हवेत दहा ग्रॅम ऐंशी, पाण्यात नऊ शहात्तर.
भागाकार लिफाफ्याच्या पाठीवर केला, दोनदा.
पितळ इतकं जड नसतं. शिसं याहून जड.

मग भिंग.
ओतीव खोट्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतात,
बुडबुड्यांचे. इथे नव्हते.
आणि खोटी झीज सगळीकडे सारखी,
घाईत पुसल्यासारखी, खोलातसुद्धा.
खरी झीज उंचावरून सुरू होते,
आधी नाक, मग गाल.
खोलातलं सगळ्यात शेवटी जातं.

कडेला सराफांचे ठसे. पाच.
पाच पेढ्यांवर पाच जणांना शंका आली होती,
आत तांबं तर नाही ना, म्हणून टोचून पाहिलं होतं,
आणि आपापली खूण ठेवून
परत बाजारात सोडलं होतं.
मला बरं वाटलं. मी सहावी.

एक गोष्ट मात्र बसेना.
पाठीवरची फारसी अक्षरं बरीच धड होती.
हातोहात फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं,
हे एकाच बाजूनं, आणि गुळगुळीत, काचेसारखं.
डोळ्याच्या खाचेत चिमट्याला काहीतरी लागलं.
निळा धागा.

"वडील शिंपी?"
तो दचकला.
"शिवण दाबायचे यानं, इस्त्रीच्या आधी.
चाळीस वर्षं. शाळेचे गणवेश, मिलवाल्यांचे पायजमे.
रुपया म्हणतच नसत. घोट्या म्हणत.
घोट्या कुठाय रे, अशी हाक."

मी तोंड उघडलं. त्याआधीच तो म्हणाला,
"खोटा लिहून द्या ना, बाई.
देवासची ताई म्हणते, विकू, अर्धे अर्धे करू.
खोटा निघाला तर कुणी मागणार नाही."

बाहेर पेढ्यांची शटरं पडत होती,
गराडूवाल्याचा स्टोव्ह फरफरायला लागला होता.
तीस वर्षं मी पोरांचे मनानं भरलेले आकडे
लाल शाईनं खोडले.
आणि त्या उरलेल्या एका डोळ्यात
अर्धा ताईचाही होता.

चिठ्ठी लिहिली:
वजन दहा ऐंशी. एक बाजू झिजलेली.
सूर्याचा एक डोळा शिल्लक. कडेला चीर.
वाजवल्यास बद्द.

"आहे" लिहिलं नाही. "नाही" पण नाही.
खाली माझा फोन नंबर घातला,
ताईला विचारावंसं वाटलं तर,
गुरुवारी, चार ते सात.

त्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली,
काडेपेटी खिशात घातली, पैसे द्यायचे विसरला.

धागा राहून गेला, तराजूच्या पारड्यात.
तोलून पाहिला.
काटा हलला नाही.
तराजू जुना आहे.