आंधळा चंडोल

लेवरिक म्हणजे चंडोल.
हे मी फोनवर सांगते ओसाकाच्या एका माणसाला,
ज्याला माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे
आकिएलने कुठल्या साली कुठली नळी वापरली.

नळ्यांचं मला विचारू नका.
मी डोळा काढायचे.
फ्रेमच्या कपाळावर पितळी बिल्ला, बिल्ल्यात पक्षी,
पक्ष्याला काळ्या इनॅमलचा एक थेंब.
तीन केसांचा ब्रश, रोखलेला श्वास.
दिवसाला सहा, जत्रेच्या आठवड्यात आठ.

तेव्हा लाय नदीच्या काठाने गावागणिक शर्यत असायची
आणि खाटकाच्या पोराखालीही लेवरिक असायची,
आईचं शिवणयंत्र गहाण टाकून घेतलेली.
आकिएल उधारीला नाही म्हणत नसे.
त्यावरच धंदा चालला, त्यानेच बसला.

बँकेच्या माणसांनी आधी भट्टी मोजली, मग खुर्च्या.
मग नाव विकलं.
विकण्यासारखं तेवढंच उरलं होतं.
पुढच्या वसंतात सुपरमार्केटात
बटाट्याच्या पोत्यांशेजारी लेवरिक उभ्या राहिल्या, ओळीने,
बिल्ल्याच्या जागी स्टिकर,
आणि स्टिकरवर एका अंगाने दिसणाऱ्या पक्ष्याला
दोन डोळे.

आकिएल त्या दुकानात कधी गेला नाही.
साबणसुद्धा पलीकडच्या गावातून आणायचा.

रविवारचे क्लबवाले म्हणायचे, "आली बघा कोंबडी!"
खोट्यांबरोबर खऱ्याही कोंबड्या ठरल्या.
कुणी गोठ्यात उलट्या टांगल्या,
कुणी घेवड्याचा वेल चढवला.
पोस्टमन वाल्डर तेवढा चालवत राहिला,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आकिएल गेला, तेव्हा चर्चमध्ये एकोणीस माणसं.
नऊ वर्षांनी भाव आला.
मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

गेंटच्या एका दंतवैद्याला
घेवड्याखाली एक सापडली, बिनडोळ्याच्या पक्ष्याची.
मग दुसरी. मग सिद्धांत.
या म्हणे आकिएलने स्वतःच्या हाताने जोडलेल्या,
खास शर्यतीच्या;
वजन वाचवायला त्याने थेंबसुद्धा गाळला.
नाव पडलं : आंधळा चंडोल. किंमत चौपट.
लोक थिनर लावून डोळे पुसू लागले,
मग पुसलेला डोळा ओळखणारे तज्ज्ञ आले,
त्यांची फी वेगळी.

खरं सांगायचं तर
शुक्रवारी पाचला कालव्यापलीकडची तागाची गिरणी सुटायची,
गिरणीतून रेनिल्डे सुटायची,
केसांत तागाचे तंतू घेऊन.
पूल ओलांडायला मला बारा मिनिटं लागायची.
शेवटचे दोन-तीन पक्षी तसेच राहायचे.
आकिएलला दिसायचं.
तो कानाडोळा करायचा.

हे मी दंतवैद्याला सांगितलं.
तो छान हसला,
आणि वहीचं झाकणपेन मिटून खिशात ठेवलं.

आता म्हणे भाव पुन्हा उतरलाय.
हौशी लोकांना स्पेनमध्ये दुसरं काही सापडलंय,
बिल्ल्यावर मासा आहे.
ओसाकाचा फोनही या हिवाळ्यात आला नाही.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, इलियास,
पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पेटी,
हातात सुपरमार्केटची लेवरिक, पुढचं चाक लंगडत.
"आजी, ही खरी आहे का?"
घंटा वाजवून पाहिली. म्हटलं, घंटा खरी आहे.

तो तसाच उभा. मग मी नखाने स्टिकरचा एक डोळा खरवडला.
दुसऱ्यावर थेंब ठेवायला ब्रश नव्हता,
काडेपेटीतली काडी घेतली.
हात आता हलतो. थेंब चोचीकडे घसरला.

"कुठेतरी बघतोय हा," मुलगा म्हणाला.
म्हटलं, वाळू दे, दहा मिनिटं थांब.
त्याला थांबायचं नव्हतं.
शुक्रवार होता, पाच वाजत आले होते,
आणि पेटी रिकामी होती.
कुठे चाललास, ते मी विचारलं नाही.