बुरणूस

नारिनच्या शाळेतली कसरतीची खोली
तीन दिवसांपुरती शस्त्रक्रियेची झालीय.
दोरखंड वर गुंडाळलेले,
भिंतीशी बायका ओळीने,
प्रत्येकीच्या उजव्या भुवईवर शाईची फुली.

बुरुलचा विचारते, कशाचा असतो हा मोतीबिंदू?
जिपारकुल, वय तेवीस, थेंब घालता घालता सांगते,
"प्रथिनांचा, आपा. लोकर असते ना, त्याच जातीचा."

वीस तऱ्हेचे मणी, त्यांची लांबच लांब माळ.
माळ नुसती पडून राहत नाही.
कुठे पीळ घेते, कुठे निऱ्या पाडते,
पाण्याला भिणारे मणी आत दडतात,
पाण्याचे सोयरे अंगणात येऊन बसतात,
आणि घडी बसते. नेमकी, तीच.
सगळं काम त्या घडीत.
एक घडी रक्तातून प्राणवायू वाहते,
एक पोटात मांसाचे तुकडे करते,
एक नुसती पारदर्शक राहते,
तेवढंच तिचं काम.

बुरुलचाच्या डोळ्याच्या गाभ्यातली घडी
घातली गेली ती आईच्या पोटात असताना,
सेहेचाळीसच्या हिवाळ्यात,
घरात एकच मेंढी उरली होती तेव्हा.
मग कारागीर उठून गेले.
प्रकाशाच्या वाटेत काही नको, म्हणून
भिंगातल्या पेशींनी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलं.
आता दुरुस्ती नाही, बदली नाही.
फक्त काही वडीलधारी प्रथिनं,
उसवू लागलेल्याला कवेत धरून ठेवणारी.
त्यांचेही हात एक दिवस भरतात.

अठ्ठ्याहत्तर उन्हाळे सोन-कुलच्या कुरणांवर,
तळ्यावरून उलटून येणारं ऊन.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ बराचसा शाबूत,
पीळ तेवढा गेला.
आणि पीळ गेलेल्या माळा एकमेकींच्या गळ्यात पडल्या,
अंड्याचा बलक नव्हे, पांढरं जसं
तव्यावर पडताच दुधी होतं, तशा.

जिपारकुल हे सगळं सांगत नाही.
तिच्याकडे अजून अकरा जणी आहेत.
"गुंता झालाय, आपा. सुटत नाही."

बुरुलचा हसते. साठ वर्षं तिने
लोकरीवर उकळतं पाणी ओतलंय,
बोरूच्या चटईत गुंडाळून तुडवलंय
खवला खवल्यात अडकेपर्यंत.
"म्हणजे बुरणूस झाला म्हण की!
तो कुणाला सुटलाय?
पण मेलं पाणी कुणी ओतलं?"

डॉक्टर सुयुनबेकना बारा मिनिटं लागली.
"दाखवा," ती म्हणाली.
कापसावर मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी,
कडक चहाच्या रंगाचं.
तिने ते चिमटीत धरून दाबलं,
बाजारात लोकर पारखतात तसं.
"घट्ट बसलाय," ती म्हणाली,
त्यात थोडं कौतुकही होतं.

चौथ्या दिवशी घरी, अर्धवट शिवलेल्या शिरडकपाशी,
"हा निळा कुणी घातला?"
सून म्हणाली, तुम्हीच.
"एवढा ओरडणारा?"

डावा मिटून बघते. ओरडतो.
उजवा मिटून बघते. जुना, धुरकट, शहाणा निळा,
गेली दहा वर्षं तिने निवडलेला.
ओशचं गिऱ्हाईक रविवारी येणार.
बुरणूस उसवत नाही, टाके उसवतात.
ती कात्री घेते,
दोन टाके तोडते,
थांबते,
पुन्हा एकदा उजवा मिटून बघते.