दुसऱ्या निवाऱ्याचा पत्रा

बुएआच्या स्टेडियमवर सकाळी पिस्तूल वाजतं
तेव्हा डोंगर दिसत नसतो.
धूळ असते, वाळवंटाकडून आलेली, दातांत कचकचणारी,
आणि शेकडो पोटऱ्यांना चोळलेल्या पामतेलाचा वास.
माझ्या पायांत बाजारातले प्लास्टिकचे बूट,
टाचेपाशी ब्लेडने चिरून सैल केलेले.
हे अकरावं वर्ष. वय विचारू नका,
अर्जावर एकोणचाळीस लिहिलंय.

तुरुंगापर्यंत डांबर आहे.
कुंपणाला टेकून कैदी ओरडतात,
कुणा एकासाठी नाही, सगळ्यांसाठीच:
अशिया! अशिया!
या शब्दाचा अर्थ विचाराल तर सांगता यायचा नाही.
ओझं वाहणाऱ्याला म्हणतात,
ठेच लागलेल्या पोराला म्हणतात,
मयताच्या घरी दारातच म्हणतात.
तुझं चाललंय ते सोपं नाही, मला दिसतंय.
एवढंच.

मग जंगल. मुळं. कुणाचं तरी ओकणं.
आणि झाडं अचानक संपतात,
कुणी कडी काढून दार लोटावं तशी.
पुढे नुसतं गवत, आणि ते उभं.
शर्यत म्हणतात, पण इथे धावत कुणीच नाही.
गुडघ्यांवर हात, माना खाली,
जणू सगळ्यांचं एकच नाणं पडलंय.

दुसऱ्या निवाऱ्यावर खात्याच्या नावाची पाटी आहे.
पत्रे वर कुणी आणले ते पाटीवर नाही.
माझ्या इयाने आणले.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन पत्रे,
वारा सुटला की पत्र्यांचं शीड व्हायचं
आणि ती जागच्या जागी गोल फिरायची,
वारा दमेपर्यंत.
उजाडता वर, मावळता खाली,
की लगेच आळकुड्या किसायला बसायची.
अशा चौदा खेपा.
मी दरवर्षी त्या भिंतीवर थाप मारते.
पत्रा वाजतो. मी थांबत नाही.

त्यावर काळी खडी,
दोन पावलं वर, एक खाली.
इथे कुठेतरी एफासामोते राहतो,
अर्धा माणूस, अर्धा दगड.
त्याच्या मळ्यातला ऊस खुशाल खा, इया म्हणायची,
पण तिथेच खा.
बरोबर घेतलास तर वाट सापडायची नाही.

माथ्यावर मोला एसुका मनगटावर रंगाचा पट्टा ओढतो
आणि म्हणतो, वळ.
वळायचं असतं.
दहा वर्षांत या माथ्यावर मी उभी राहिले
ती सगळी मिळून तीन मिनिटं.

यंदा लिमुंगा मला दुसऱ्या निवाऱ्याआधीच ओलांडून गेली,
एकोणीस वर्षांची, शेळीसारखी,
आणि जाताना हसली, वाईट नाही.
बक्षिसं दहांना. मी तेरावी.
पट्टा ओढून झाला आणि मी बसले.

पाय गेला का? एसुकाने विचारलं.
नाही.
मग?
बसलेल्या बाईचं काय करायचं हे त्याला
कुणी सांगितलेलं नव्हतं.
त्याने थर्मासच्या झाकणात अर्धा चहा दिला.
इथून समुद्र दिसतो म्हणतात, बेटही दिसतं.
धूळ होती.
मी धुळीकडे बघत चहा प्यायले
आणि झाकण त्याचं त्याला परत केलं.

उतरणीला गुडघे कुणा दुसऱ्याचे असतात.
खडीच्या खाली एक पोरगा भेटला, वर निघालेला,
डोक्यावर पाण्याचा पिवळा कॅन,
धावणाऱ्यांसाठी.
छातीवर नंबर नव्हता.
मी वाटेतून बाजूला झाले.
अशिया, म्हटलं.
त्याला मान हलवता येत नव्हती,
त्याने डोळे हलवले.

सात तास एकवीस मिनिटं, टेबलावरचा माणूस म्हणाला,
यात नऊ मिनिटं बसल्याचीही आहेत, वरून निरोप आलाय.
आहेत, मी म्हटलं,
ती वजा करू नका.