रात्रीचा रकाना

फॉर्म भरताना पहिल्यांदा कळलं
की रात्र सूर्य बुडाल्यावर लगेच सुरू होत नाही,
तिला मिनिटं ठरवून दिलेली असतात
आणि त्या मिनिटांत आकाश सरकारचं असतं.

नाव भरमाणी गुंडू हुंदरे.
इंग्रजीत आधारवर एक स्पेलिंग, लायसनवर दुसरं.
मी दोन्ही आहे, असं लिहायला जागा नव्हती.
धंदा लग्नाचं शूटिंग. वरून.
अक्षता पडतात तेव्हा मांडव वरून कसा दिसतो
हे जांबोटीच्या अंगाला मीच पहिल्यांदा दाखवलं,
एका नवरीच्या मामानं दगड मारला होता तेव्हा.

आता रात्री का उडवायचंय?
कारण लिहा, पाचशे अक्षरांत.

कारण गवे.
भात दुधावर आला की उतरतात रानातून,
अकरा, साडेअकरा, जेवायला बोलावल्यासारखे.
परशरामकाका बांधावर डबा बडवत बसतो.
समोरचा काळा ढीग गवा आहे की करवंदीची जाळी
हे ढीग हलल्यावरच कळतं.
गेल्या आश्विनात उशिरा कळलं.
तीन बरगड्या.
माझ्याकडं उष्णता बघणारा कॅमेरा आहे, अजून अकरा हप्ते बाकी.
त्यात अंधार काळा, आणि ऊब असलेलं सगळं पांढरं.

गावानं ठरवलंय, रात्रीला तीनशे आणि चहा.
त्या तीनशेमुळं हे व्यावसायिक.
चहाबद्दल फॉर्म काही म्हणत नाही.

पुढचा रकाना उंचीचा.
मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो.
आमच्याकडं भांडण कायम लांबी-रुंदीचं,
कुठलं गाव कुठल्या बाजूला,
पाटी कुठल्या अक्षरात.
उंची किती पाहिजे
हे आजोबांपासून आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
नकाशात सांबऱ्याच्या विमानतळाभोवती पिवळं,
छावणीवर लाल,
आणि आमचं शिवार हिरवंगार.
स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं, हललं नाही.

ठाण्यात म्हणाले, अर्ज कन्नडात आणा.
कोर्टासमोरच्या शांतव्वा हुक्केरीनं टाइप करून दिला.
गव्याच्या जागी तिनं लिहिलं काडेम्मे.
म्हणजे रानम्हैस की ओ, मी म्हटलं,
म्हैस नव्हे, गवा.
आमच्यात त्यालाच तसं म्हणतात, ती म्हणाली,
अंगावर आला की तेवढाच येतो.
चाळीस रुपये घेतले, पन्नास सांगून.

ठाणं म्हणालं, आधी फॉरेस्टचं पत्र.
फॉरेस्ट म्हणालं, आधी ठाण्याचं.
दोघंही गोड बोलले. नाळे बर्री.
नाळे म्हणजे उद्या.
माझ्या कन्नडातला सगळ्यात शुद्ध उच्चार आता तोच आहे.

शिवाय ड्रोनला लुकलुकता दिवा पाहिजे,
लांबून दिसणारा.
लावला.
आई म्हणाली, पोरा, हे तर पळून चाललेल्या चांदणीसारखं दिसतंय.
गवे काय म्हणतील माहीत नाही.

स्टेटस: प्रलंबित.
स्टेटस: प्रलंबित.
मधे एक दिवस साइट बंद.

काल रात्री डबा वाजायला लागला
आणि बॅटऱ्या भरून ठेवलेल्या.
मी पंखे काढले, चारी.
खिशात घातले.
ड्रोन दोन्ही हातांत धरून पाण्याच्या टाकीवर चढलो
आणि डोक्यावर उचलला,
जत्रेत बारकं पोर उचलतात तसा.
उड्डाण नाही. नियमात बसतं, बहुतेक.
उंची, टाकी सोडून, सात फूट.

हात थरथरत होते, चित्रही.
भाताच्या काळ्यात पांढरे सहा.
नाही, सात, एक वासरू पोटाखाली.
आणि त्यांच्यापासून वीसेक पावलांवर
एक बारीक पांढरं, बसलेलं,
त्याच्या तोंडापाशी आणखी पांढरा ठिपका.
विडी.

काका, उजव्या अंगाला सरका, ओरडलो.
डब्याच्या आवाजात काय ऐकू जाणार.
ड्रोन काखेत मारला, फोन लावला.
तिसऱ्या रिंगला डबा थांबला.
भरम्या, म्हणाला,
आली काय रे परवानगी?