मूळ रंग

जाहिरातीत लिहिलं होतं :
डुक्कर फियाट, सन बासष्ट, एकहाती,
डॉक्टरांनी वापरलेली, मूळ रंग,
गंज नावालाही नाही.
बसा आणि निघा.

मी खडकीला दारूगोळा कारखान्यात
एकतीस वर्षं गेज हातात धरून बसले.
पास, पास, नापास, पास.
शब्दांवर माझा विश्वास तसा कमीच,
पण 'बसा आणि निघा' वाचून
रात्री दोनला उठले, पाणी प्यायले,
पुन्हा वाचलं.

धायरीला उतरले. पत्र्याची शेड,
शेडमध्ये तापकीर, तापकिरांच्या हातात फडकं.
फोटोतली गाडी पिस्त्याच्या बर्फीसारखी होती.
ही पण बर्फीच,
चार दिवस उघड्यावर राहिलेली.
"फोटोच्या आधी पाणी मारलं होतं का हो?"
"मावशी, देवाचा फोटोसुद्धा
अंघोळ घालूनच काढतात."

रुमालात गुंडाळून लोहचुंबक नेला होता.
बॉनेटला चिकटला. दाराला चिकटला.
मागच्या मडगार्डावर ठेवला
तर पिकल्या जांभळासारखा खाली पडला.
लांबी. बोटभर जाडीची लांबी.
गंज नाही हे खरंच,
गंजायला तिथं लोखंडच नव्हतं.

चटई उचलली, खाली प्लायवूड.
प्लायवूड सरकवलं, खाली धायरी.
एक कोंबडी मान तिरकी करून
खालून माझ्याकडे बघत होती.

"आणि डॉक्टर?"
"होते ना. कागद आहेत. डॉक्टर उंडे, लोणी काळभोर."
मागच्या सीटच्या शिवणीत कडब्याची काडी,
आणि एक वास,
जो माणसांच्या दवाखान्यात येत नाही.
"जनावरांचे?"
"डॉक्टर ते डॉक्टर, मावशी."

मीटर पाच आकडी, सत्तेचाळीस हजार म्हणतो.
त्याआधी किती वेळा शून्यावर जाऊन आला
हे तोही विसरला असेल.
त्याला मी नापास केलं नाही.

मग दारावर, टपाच्या पन्हळीत, रबराखाली
घराच्या किल्लीनं जरासं खरवडलं.
पिस्ता गेला, खाली मरून.
मरून गेला, खाली राखाडी.
"अहो मावशी, अहो..."
राखाडी गेली
आणि पिवळा.
मुंबईच्या टॅक्सीच्या टपाचा पिवळा.

तापकिरांच्या हातातलं फडकं थांबलं,
तेव्हा कळलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एकहाती!
किती हात आडवे झाले असतील हिला रस्त्यात.
कुणाच्या हातात ट्रंक, कुणाच्या हातात
आठ दिवसांचं मूल आणि डिस्चार्जचा कागद,
कुणी नुसताच मागे बसून रडणारा,
कुठे जायचं ते न सांगता,
आणि ड्रायव्हर समोर बघत
मीटर पाडतो, खणकन.

"हे लिहा," म्हटलं, "टॅक्सी होती म्हणून."
"मग कोण येईल, मावशी?"
मी किल्ली रुमालाला पुसली.
मी आले असते,
पण ते बोलले नाही. भाव करताना
असलं काही बोलायचं नसतं.
गाडी घेतली नाही. कोंबडीला वाट दिली
आणि बसस्टॉप गाठला.

पंधरा दिवसांनी जाहिरात पुन्हा पाहिली.
फोटो तोच. एकहाती तसंच. मूळ रंग तसाच.
एकच शब्द वाढलेला :
जनावरांच्या डॉक्टरांनी वापरलेली.
आणि किंमत दहा हजारांनी चढलेली,
खरं बोलण्याचे असतील.

रुमाल अजून धुतला नाही.
चुंबकाच्या पाठीला रंगाची एक कपची बसलीय, पिवळी.
लोखंडाची नाही,
तरी सुटत नाही.